नानाकाका सध्या काशीत आहेत

परवा आमच्या लिफ्टमध्ये एक बाई हात जोडून उभ्या राहिल्या. समोर नानाकाका. हातात दुधाची पिशवी, अंगात गंजीफ्रॉक, पायात दोन वेगळ्या जोड्यांतल्या दोन स्लिपरा. बाई म्हणाल्या, "काशीहून कधी आलात?"

नानाकाकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग दूध डाव्या हातात घेतलं, उजवा हात आशीर्वादाला उचलला आणि थेट छातीतून आवाज काढला, "विश्वेश्वराची इच्छा होती. आलो."

बाई चौथ्या मजल्यावर उतरल्या. उतरताना त्या पाठमोऱ्या झाल्या नाहीत. देवळातून निघावं तशा मागे मागे सरकत गेल्या. दार लागल्यावर नानाकाकांचा आवाज छातीतून नाकात आला. "अर्धा लिटर आणायलासुद्धा काशीहून यावं लागतं," असं पुटपुटत ते सहाव्याला उतरले.

नानाकाका हे त्यांचं नाव नाही. एका मराठी मालिकेतल्या नायिकेच्या चुलतसासऱ्याचं ते नाव आहे, आणि पाच वर्षं रोज संध्याकाळी ते घरोघर ऐकू गेल्यामुळे खऱ्या नावावर माती पडली आहे. ते खरं नाव मला ठाऊक आहे, कारण देखभाल खर्च थकवणाऱ्यांची यादी आमच्या नोटीस बोर्डावर लागते. पण मी ते इथे लिहिलं तर आमच्याच इमारतीतले लोक विचारतील, हा कोण बुवा? एकदा बँकेत त्यांनी स्वतःच्याच चेकवर घाईत 'नाना' एवढीच सही ठोकली होती. चेक परत आला. काउंटरवरच्या मुलीने मात्र सेल्फी घेतला.

संध्याकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंत मराठी वाहिन्यांवर ज्या ज्या घरात सून छळली जाते, त्या प्रत्येक घरात एक काका असतो. तो सोफ्यावर बसत नाही. सोफा मुख्य पात्रांसाठी असतो. तो सोफ्यामागे, खांबाच्या उजव्या अंगाला उभा असतो. अंगावर जॅकेट, हातात काही नसतं, पण कधीही काहीतरी हातात येईल अशा बेताने बोटं ठेवलेली. घरावर एवढी संकटं येतात, तरी हा कामावर जात नाही. त्याचा धंदा काय, हे लेखकालाही माहीत नसतं. त्याचं मुख्य काम असतं, "अगं पण झालं काय?" असं विचारणं. हा प्रश्न त्याने विचारला की नायिका झालेलं सगळं पुन्हा सांगते आणि काल ज्यांच्याकडे लाइट गेली होती त्या प्रेक्षकांची सोय होते. नानाकाकांच्या हिशेबाने त्यांनी हा प्रश्न चारशेच्या वर वेळा विचारला आहे. त्यातले दोन स्वतःच्या घरी, बायकोला. तिने उत्तर दिलं नाही.

पनवेल मागे टाकून जुन्या पुणे रस्त्याला लागलं की पळस्पे फाटा येतो. तिथून गोव्याचा रस्ता फुटतो. फुटला की सगळ्यांचं लक्ष त्या रस्त्याकडे जातं, आणि सरळ गेलं की जे लागतं ते आमचं कोन. लोक इथून जातात. इथे येत नाहीत. प्रॉडक्शनमधल्या पोराने पहिल्यांदा फोनवर विचारलं, "काका, राहायला कुठे?" हे म्हणाले, "कोन." तो म्हणाला, "कोण म्हणजे? तुम्हीच." पाच मिनिटं दोघे एकमेकांना कोण, कोन करत होते. शेवटी पोराने वहीत 'पनवेलच्या पुढे' असं लिहून घेतलं आणि त्या दिवसापासून नानाकाकांचा कॉल टाइम ठरवताना त्यांना घाटावरून यायचं आहे असं समजतात. म्हणजे अर्धा तास आधी बोलावतात.

कोनला ते हौसेने आलेले नाहीत. त्यांचे वडील, आप्पा, लालबागच्या एका गिरणीत होते. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची सोडत डिसेंबर २०१६मध्ये निघाली, त्यात कोनची २,४१७ घरं होती. एमएमआरडीएच्या भाड्याच्या घरांच्या योजनेतली. एकशे साठ चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून एक घर, किंमत सहा लाख. आप्पांचा नंबर लागला. लागला म्हणजे यादीत लागला. मग करोना आला, रिकामी घरं विलगीकरणातल्या लोकांसाठी घेतली गेली, मग दुरुस्त्या निघाल्या, आणि चाव्या हातात यायला सोडतीनंतर सात-आठ वर्षं गेली. नानाकाका म्हणतात, आमच्या मालिकेत मेलेला माणूस यापेक्षा लवकर परत येतो. मीही त्याच यादीतला, माझ्या वडिलांच्या नावावर आलेला. त्यामुळे यावर फार हसायला मला जमत नाही.

त्यांची कारकीर्द सुरू झाली ती परळच्या दामोदर हॉलमध्ये, कामगारांच्या नाट्यस्पर्धेत. तिथे त्यांना अभिनयाचं उत्तेजनार्थ मिळालं होतं. बक्षिसाचा तो कप पुढे आप्पांनी दाढीच्या ब्रशसाठी घेतला, अजून त्यांच्याकडेच आहे. दरम्यान दूरदर्शनवर 'दामिनी' आली, १९९९मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, पुढच्या वर्षी ई टीव्ही आलं, आणि रोज रात्री रडण्यासाठी एवढी माणसं लागू लागली की एकांकिकावाल्यांची चांदी झाली. नानाकाकांच्या वाट्याला आधी हवालदार आले, मग डॉक्टर आले. मालिकेतल्या डॉक्टरला दोन वाक्यं असतात, 'आय अ‍ॅम सॉरी' आणि 'चोवीस तास महत्त्वाचे आहेत'. यातलं कुठलं म्हणायचं ते त्या आठवड्याच्या टीआरपीवर. मग ऐतिहासिक लाट आली. इथून पुढे चौकला नितीन देसाईंनी उभारलेला एन. डी. स्टुडिओ आहे, तिथल्या तटबंदीखाली नानाकाका एका दिवसात सकाळी स्वराज्यासाठी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर औरंगजेबासाठी धारातीर्थी पडले. फक्त पागोटं बदललं. पगार एकाच मरणाचा मिळाला, हे दुःख त्यांना आजही आहे.

आणि मग चुलतसासरा.

कॉल सकाळी सातचा असला की ते पावणेपाचला घर सोडतात. शेअर रिक्षाने पनवेल स्टेशन, तिथून ट्रान्सहार्बरची ठाणे लोकल, ठाण्याहून घोडबंदर रस्त्याची बस. मालिकेत त्यांच्या वाड्यासमोर तीन गाड्या उभ्या असतात, त्यामुळे लोकलमध्ये माणसं त्यांच्याकडे बघतात ती थोडी फसवणूक झाल्यासारखी. "तुम्ही ट्रेनने?" हा प्रश्न कोपरखैरणेच्या आत येतोच. नानाकाका सांगतात, "गाडी सर्व्हिसिंगला दिलीय." ही गाडी कायमच सर्व्हिसिंगला असते. नेहमीच्या डब्यातल्या लोकांना आता तिची काळजी लागली आहे; एकाने त्यांना ऐरोलीचा चांगला मेकॅनिक सुचवला, दुसऱ्याने ग्राहक मंचात जायला सांगितलं. न घेतलेल्या गाडीची तक्रार करायला कागदपत्रं काय लागतात, हे त्यांनी मला खरोखर विचारलं होतं.

मी एकदा त्यांच्याबरोबर सेटवर गेलो होतो. घोडबंदर रस्त्याला एक बंगला, आत तो वाडा. टीव्हीवर दिसणारा भव्य जिना मी हात लावून पाहिला: अकरा पायऱ्या वर जातो आणि प्लायवूडला टेकून संपतो. वरच्या मजल्यावर झोपायला जाणारी सगळी पात्रं तिथे एकमेकांना चिकटून, पोटं आत घेऊन, 'कट' ऐकू येईपर्यंत उभी असतात. देवघरात देव होते, पण समईत ज्योत विजेची.

त्या दिवशीचा प्रसंग असा की सगळं घर जमलेलं आहे, नायिका औक्षणाचं तबक घेऊन येते आणि दारात तिचा मेलेला दीर उभा असतो. तबक पडतं. बस, एवढंच. आधी मास्टर घेतला, सगळे एकत्र दचकले. मग एकेकाचा क्लोज. आधी नायिका, मग नायक, मग सासू, मग नायिका पुन्हा, कारण तिच्या बटा हलल्या होत्या. मग जेवण. मग कारस्थानी जाऊ, जिला धक्का कमी आणि कट उघडा पडण्याची भीती जास्त द्यायची होती. ती मुलगी फार हुशार, एकाच डोळ्याने दिली. तबक सकाळी अकराला पडलं आणि नानाकाका दचकले ते संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी. तोवर दीर पॅक-अप होऊन घरीसुद्धा गेला होता. त्याच्या जागी लाइटच्या स्टँडला पिवळी टेप लावली. दिग्दर्शक पोरगेलासा, कानात एक वायर; तो म्हणाला, "काका, ती टेप तुमचा पुतण्या. शॉक द्या."

नानाकाकांनी दिला. मी समोर होतो म्हणून सांगतो, त्या टेपकडे बघताना त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली. मला स्वतःला त्या स्टँडबद्दल माया वाटू लागली.

"मस्त," दिग्दर्शक म्हणाला. "आता एक 'मला सगळं माहीतच होतं' असा देऊन ठेवा."

"म्हणजे नानाला माहीत होतं?"

"लेखकाचं ठरायचंय, काका. दोन्ही घेऊन ठेवू."

त्यांनी तोही दिला. पुढून सिल्कचा कुडता, कॉलर टवटवीत. मागून तोच कुडता पाच क्लिपा लावून आवळलेला, कारण तो मुळात आधीच्या मालिकेतल्या एका जाड्या खलनायकाचा होता. पुढून बघितलं तर इनामदार, मागून बघितलं तर बाभळीला अडकलेला पतंग. त्यातही शनिवारचा धक्का वेगळा असतो. तो भाग संपतानाचा. नावं वर सरकून जाईपर्यंत धरून ठेवावा लागतो, पापणी न हलवता. नानाकाका बावीस सेकंद धरतात. आमच्या इमारतीत लिफ्टचं बटण दाबून बावीस सेकंद धीर धरणारा दुसरा माणूस नाही.

पैसे दिवसावर. पर डे. ज्या दिवशी उभं राहिलात त्या दिवसाचे, आणि तेही नव्वद दिवसांनी, दहा टक्के टीडीएस कापून. म्हणजे गणपतीत दचकलेल्याचे पैसे साधारण नाताळात. महिन्याला किती दिवस मिळणार, हे कथानकात आपण कुठे आहोत यावर. घरात लग्न असेल तर सोनं, सगळा परिवार लागतो. मुंडावळ्या, हळद, सप्तपदी, गृहप्रवेश धरून पंधरा पंधरा दिवस मिळतात. पण नायक-नायिका एकदा महाबळेश्वरला गेले की काकांचा महिना मेला. म्हणून नव्या जोडप्याचं मधुचंद्राचं तिकीट निघालं की नानाकाकांच्या घरी वरण पातळ होतं. वाहिनी मोठी असो, मालिका पहिल्या पाचात असो, काकांना हे लागू आहे.

फावल्या दिवसांत उद्घाटनं. पनवेल ते खोपोली या पट्ट्यात मोबाइलचं दुकान, चष्म्याचं दुकान, फरसाणाचं दुकान, कुठलीही फीत त्यांनी कापलेली आहे. बोलावणारे पहिल्यांदा नायिकेचा भाव विचारतात, मग सासूचा, मग घाम पुसून काकांकडे येतात. मानधन म्हणजे शाल आणि नारळ. नारळ खपतात. तीनशे वीस चौरस फुटांच्या घरात शाली त्रेचाळीस झाल्या आहेत. आप्पा एकदा वैतागून म्हणाले, "त्या लोकांना सांग की, शाल नगं, चादर द्या म्हनावं."

करोनाचा काळ त्यांच्या बोलण्यात 'आपले चांगले दिवस' म्हणून येतो, हे ऐकून मी पहिल्यांदा उठून जाणार होतो. पण ऐकून घ्या. २०२०च्या मार्चमध्ये चित्रीकरणं बंद पडली आणि नवे भाग दिसू लागले ते १३ जुलैला. सरकारचा नियम असा की पासष्टीच्या वरच्या कलाकारांनी सेटवर यायचं नाही. एका रात्रीत मराठी मालिकांमधले सगळे आजोबा गावाला गेले. मग घरात वडीलधारं बोलणार कोण? आजोबांची वाक्यं काकांकडे आली. पंचाहत्तर वर्षांच्या माणसासाठी लिहिलेलं 'माझे आता किती दिवस राहिलेत' हे वाक्य नानाकाकांनी ऐन पन्नाशीत म्हटलं, सोफ्यावर बसून म्हटलं. कारकिर्दीतला तो पहिला सोफा. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. ज्येष्ठ कलावंतांना न्याय मिळाला, सगळ्यांनी पेढे वाटले, आजोबा परत येऊन सोफ्यावर बसले. न्यायव्यवस्थेचा विषय निघाला की नानाकाका अजून गप्प होतात.

त्यांच्या पत्नी पनवेलला एका पतपेढीत आहेत आणि घर त्यांच्यावर चालतं. हे नानाकाका स्वतः सांगतात, त्यात चोरी ठेवत नाहीत. मालिकेतही त्यांना बायको आहे, नानीकाकू. सव्वासातला वहिनी कुकर लावतात आणि साडेसातला समोर बसून नवऱ्याचा दुसरा संसार बघतात. एकदा मी तिथे होतो. पडद्यावर नानाकाका नानीकाकूला म्हणाले, "दमलीस हो तू. जरा बस, मी चहा टाकतो."

वहिनींनी आवाज बंद केला. "तिच्याशी बोलताना किती मऊ येतो हो आवाज."

"लिहून दिलेलं असतं गं."

"मग माझ्यासाठीही घ्या की कुणाकडून तरी लिहून."

त्या रात्री नानाकाकांनी खरंच चहा टाकला. गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा हे त्यांना विचारावं लागलं. सेटवरच्या शेगडीला सिलिंडरच नसतो.

या सगळ्या प्रकाराला सोप का म्हणतात, याचं उत्तर त्यांना पाठ आहे. अमेरिकेत १९३०च्या सुमारास रेडिओवर दुपारी गृहिणींसाठी रडकथा लागायच्या आणि त्यांचा खर्च साबणवाले करायचे, म्हणून सोप ऑपेरा. "साबणवाले अजूनही आहेत," ते म्हणतात, "माझ्या क्लोजनंतर लगेच येतात." त्यांचा आदर्श मात्र अमेरिकेत नाही, इंग्लंडात आहे. विल्यम रोच नावाचा नट, 'कॉरोनेशन स्ट्रीट' नावाच्या मालिकेत ९ डिसेंबर १९६०च्या पहिल्या भागापासून केन बार्लो या एकाच माणसाचं काम करतो आहे, आणि नव्वदी ओलांडली तरी करतो आहे. गिनीज बुकात त्याचं नाव आहे. त्याचा फोटो नानाकाकांनी पेपरातून कापून कपाटाच्या आतल्या बाजूला लावला आहे, जिथे लोक स्वामींचा लावतात. "साठ वर्षांवर झाली, एकाच गल्लीत राहतोय माणूस," ते भारावून सांगतात. "कुणी कोमात टाकलं नाही, की काशीला पाठवलं नाही." आपल्याकडे 'चार दिवस सासूचे' होती; ते चार दिवस २००१ला सुरू झाले आणि २०१३ला संपले, तीन हजारांवर भाग. तिचं नाव काढलं की नानाकाकांचा चेहरा असा होतो, जसा आप्पांचा, गिरणीतल्या परमनंट माणसाबद्दल बोलताना होतो.

टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात. गुरुवारी नानाकाका दाढी करत नाहीत. आकडा पडला की कुणाचा तरी बळी द्यावा लागतो आणि नायिकेचा देता येत नाही. मालिकेतल्या काकाला आपल्या आयुष्याबद्दल काही ठरवता येत नाही, हे ते जाणून आहेत; त्यांची भीती एकाच गोष्टीची, फोटोची. भिंतीवरचा फोटो, त्याला चंदनाचा हार, त्यापुढे नायिका हुंदके देतेय. एकदा फोटो लागला की पुनर्जन्माचं कथानक आल्याशिवाय सुटका नाही.

तर गेल्या वर्षी एका बुधवारी रात्री प्रॉडक्शनचा निरोप आला: 'काका, तुमचा एक चांगला फोटो पाठवा. सरळ समोर बघणारा, हसरा चालेल, बॅकग्राउंड प्लेन.'

हसरा चालेल, हे वाचून त्यांना दरदरून घाम फुटला. मृत्यूनंतर माणूस भिंतीवरून हसराच दिसायला लागतो. रात्री साडेअकराला त्यांनी माझं दार वाजवलं. आम्ही दोघांनी बसून युक्ती काढली की फोटो असा पाठवायचा जो भिंतीवर लावताच येणार नाही. आडवा झोपलेला पाठवावा? तो तर थेट पुढच्याच प्रसंगाला उपयोगी. शेवटी गोव्याच्या समुद्रातला, गॉगल आणि अर्धी चड्डी घातलेला निवडला. सकाळी प्रॉडक्शनचा उलट निरोप: 'काका, हा नको. इन्शुरन्सच्या कार्डासाठी हवाय.'

तो गुरुवार सुखात गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी लेखकाने त्यांना काशीला पाठवलं.

एकच प्रसंग. अंगणात सगळे उभे, नानाकाकांच्या खांद्याला झोळी. ते म्हणाले, "या घराच्या सुखासाठी साकडं घालायला चाललोय." नायिका पाया पडली, सासूने डोळे पुसले, आणि नानाकाका गेटच्या बाहेर जाऊन तुळशीच्या फायबरच्या कट्ट्यामागे, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून, उकिडवे बसले. दिग्दर्शक म्हणाला, "काका, मस्त. कळवतो." या गोष्टीला आता सात महिने झाले. मारलेलं नाही, कारण मारलं तर सुतक, सुतक आलं तर घरातलं लग्न पुढे जाणार. आणि करार अजून जिवंत आहे, म्हणून दुसऱ्या वाहिनीचं काम करायचं तर यांची परवानगी हवी. म्हणजे काशीत राहायचं, काशीचे पैसे नाहीत, आणि काशी सोडायची नाही.

कोनमध्ये मात्र यात्रेचं पुण्य सुरू झालं. पळस्पे फाट्यावर वडापाव खाताना लोक त्यांना "तिकडे मिळतं का हो?" असं विचारतात. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी आल्या. त्यांची लेक बाळंतपणासाठी आलेली, त्यांना काशीहून आणलेलं थोडं गंगाजल हवं होतं. खरं सांगून टाका, असं मी म्हणालो. नानाकाका म्हणाले, "पाच वर्षं त्या बाईने माझ्यासाठी सव्वासातला देवाचं आटपलंय. तिला नाही कसं म्हणू?" आपल्या टपाल खात्याने २०१६पासून गंगाजल विकायला काढलेलं आहे. नानाकाका पनवेलच्या पोस्टात गेले, बाटली घेतली, घरी येऊन तिचं लेबल कोमट पाण्याने सोडवलं आणि त्रेचाळीसपैकी एक शाल अंगावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. आजींनी ती बाटली डोळ्यांना लावली. पुढच्या आठवड्यात अकरा मजल्यांवरून मागणी आली. काशीपायी त्यांचा महिन्याचा खर्च वाढला आहे.

आप्पांचं वय झालं आहे, ऐकू कमी येतं, पण पहाटे चारची जाग सुटलेली नाही. ते गिरणीत बदली कामगार होते. परमनंट नव्हे, बदली. हातात बदली कार्ड, पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी परमनंटवाला आला नाही तर जॉबर नाव पुकारणार आणि आत घेणार, नाही तर घरी. अशी वर्षं काढली आणि मग १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तो कधी मिटला नाही. ते मालिका बघत नाहीत. ऐकूच येत नाही. फक्त रोज सकाळी मुलाला विचारतात, "घेतलं का रं आत?"

"नाही, आप्पा."

"कार्ड काढून घेतलंया का?"

"नाही."

"मग जायचं उद्या परत," एवढं म्हणून ते नाट्यस्पर्धेच्या कपात ब्रश बुडवतात.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका मालिकेकडून फोन आला. नायिकेचा मामा. लुक टेस्ट झाली, पसंती आली, फक्त पहिल्या वाहिनीचं 'हरकत नाही' असं पत्र हवं होतं. नानाकाकांनी अर्ज केला. तिकडून पत्र निघालंसुद्धा, स्पीड पोस्टाने. पत्रावर अर्थातच करारातलं नाव होतं, म्हणजे खरं. पोस्टमन आमच्या गेटवर आला, वॉचमनने पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि सांगितलं, या नावाचं इथे कुणी राहत नाही.

पाकीट आता पोस्टात पडून आहे. सोमवारी ओळखपत्र घेऊन बोलावलं आहे. आधार कार्डावरचा फोटो मिशी नसतानाचा आहे, आणि पोस्टातली खिडकीवरची बाई गंगाजलामुळे त्यांना नानाकाका म्हणूनच ओळखते. ओळख पटवायला मी बरोबर जाणार आहे.